अप्पारावांचा लॅटिन परवचा

सोमवार, २ डिसेंबर २०२४, सेलू

खोली मिळाली एकदाची. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे तास, स्टेशनाजवळ हवेशीर खोली आणि घरमालकीण लीलाकाकूंच्या हातची भाकरी. आणखी काय पाहिजे? तीन वर्षांच्या सविताला पालमला आईकडे ठेवून आले, तेवढं जिवाला लागलंय. शनिवारी येते म्हणून कबूल केलंय. आईला लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा रोज फोन करायचा.

मालक अप्पाराव निवृत्त शिक्षक. दिवेलागणीला लोक पाढे म्हणायचे, तसं हे लॅटिन क्रियापद म्हणतात. तेनेओ म्हणजे मी धरून ठेवतो. तेनेस, तू धरून ठेवतोस. तेनेत, तो. पुढं आम्ही, तुम्ही, ते. मला झाडांच्या नावांपुरतंच लॅटिन येतं, पण मिरवायची हौस दांडगी. पाटावर बसून मीही म्हटलं. अप्पाराव खूश. नियम एकच, म्हणाले, परवचा अर्धा टाकून उठायचं न्हाई.

मंगळवार, ३ डिसेंबर

आज भूतकाळ जोडला. पाऊण तास लागला. लीलाकाकू धरून बसलो होतो तिघंच, पण चौथा आवाज स्पष्ट ऐकला, तरण्या पुरुषाचा. लीलाकाकूंना विचारलं. म्हणाल्या, विवेक हाय तो, तुमच्या आधीचा भाडेकरू, बसलाय न्हवं. कोपऱ्यात नुसता पाट होता. मी हसले, पण हसू काही नीट आलं नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

आता दुपारी तीनलाच बसतो. काल मधेच उठायला गेले तर पाय उचलेनात. अप्पारावांची वही गुपचूप पाहिली. रूपं पाचव्या पानावर संपतात. आम्ही त्याच्या पुढं कितीतरी म्हणतो. ती मला कुणी शिकवली? मला भीती वाटतेय. परवा गेले की परत यायचं नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

सकाळीच बॅग घेऊन स्टँडवर गेले. पालमला जायची म्हणून परभणीची एसटी लागली होती. पायरीवर पाय ठेवला आणि तोंडातून तेनेओ बाहेर पडलं. मग थांबेना. पाय आपले आपण घराकडे वळले.

वाटेत आईचा फोन आला. इकडं येऊ नका, एवढंच सांगायचं होतं. तोंडून रूपंच गेली. सविता खिदळत होती. आई म्हणाली, तुला काय व्हायलंय गं, आमीच येतो उद्या पोरीला घेऊन.

बॅग दारात पडली, फोन तिच्यातच. पाटावरून हात पोचत नाही. ही वही तेवढी मांडीवर.

रविवार, ८ डिसेंबर

तोंड चालूच. फक्त हात माझा राहिलाय.

दार लोटलं. आई. कडेवर सविता—

जा म्हणून हात हलवते. आईला वाटतं, बोलावतेय—

वही दाखवली. आई नुसती बघते. तिला कुठं वाचता—

विवेकच्या शेजारी एक पाट. लहानसा. काल नव्हता.

सविता खाली उतरली. नको गं, माझ्या बाई, त्या पाटावर—

बसली. माझ्या ओठांकडे बघतेय. तसेच ओठ करून— ते—