सायकलची किल्ली मी घेतलीये

ठमे,

घर रिकामं बघून घाबरू नकोस. आजोबांच्या सायकलला तू कुलूप घातलंस ना, त्याची किल्ली तुझ्या कपाटातून मी घेतलीये.

आता खरं सांगते. बोकडाला चुकवताना ते सायकलवरून पडले आणि म्हणून उशीवर बसतात, ही माझी थाप होती. बोकडाची शिंगं तर मी दुसऱ्या दिवशी लावली. त्यांची प्रोस्टेटची बायोप्सी झाली होती. त्या ठणठण वाजणाऱ्या एमआरआयमध्ये डाग दिसला, म्हणून बारा सुया टोचून तुकडे काढले. चार दिवस लघवीतून रक्त गेलं. दर वेळी बाथरूमचं दार किलकिलं करून विचारायचे, "अगं, डॉक्टर म्हणाले तेवढंच आहे ना हे?" मी म्हणायचे, "तेवढंच." तुला खरं सांगावंसं फार वाटायचं. पण तुझी परीक्षा होती.

आज रिपोर्ट आला. कॅन्सर नाही! सहा महिन्यांनी फक्त रक्त तपासायचं. यांनी पहिलं काय विचारावं? "डॉक्टर, सायकल?" ते हसून म्हणाले, "चालवा की आता."

जेवण झाकून ठेवलंय. फोन करू नकोस. त्यांचे दोन्ही हात हँडलवर आहेत, आणि माझे त्यांच्या कमरेला.

आजी