आईचा भात आणि इशिगाकी बेट

बाबा,

देव्हाऱ्यात आईचा फोटो दिसत नाही म्हणून घर डोक्यावर घेऊ नका. मीच काढलाय. आता ड्यूटीला पळतेय, संध्याकाळी आले की काय भांडायचं ते भांडू.

काल पुन्हा तुमचं तेच. "इशिगाकीला तूच जा, मला नाही जमायचं." आधी छपरावरचा बर्फ आडवा आला, तो शेजारचे तोमिओका काका काढणार आहेत. मग गुडघा. आणि शेवटी खरं काय ते बोललात: आठवडाभर तुझ्या आईपुढे सकाळचा भात कोण ठेवणार? ती गेल्यापासून कुकर उघडला की पहिली वाटी तिची, हे मला का ठाऊक नाही! त्यावर आज उत्तर सुचलंय.

आईही येतेय. फोटो तिच्याच निळ्या स्कार्फमध्ये गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवलाय, शेजारी तिची वाटी. लॉजवाल्या बाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "आणा की, पहिला भात त्यांनाच वाढू."

तुमच्या बॅगेतल्या लोकरी गंज्या मात्र मी काढून टाकल्यात. तिथे फेब्रुवारीतही लोक अनवाणी हिंडतात.

सूप गॅसवर आहे, गरम करून घ्या.

जन्मभर इथला बर्फ उपसताना ती म्हणायची, एकदा कोमट समुद्रात पाय बुडवायचेत. तरीही यायचं नसेल, तर माझी बॅग उघडा आणि तिला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं.

साएको