साहेब निघालेत

९ जानेवारी, रत्नागिरी
संदेश गेला. माझ्याच पलटणीतला नाईक. चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. गाव देवरूखच्या वर, डोंगरात. त्याच्या वडिलांना, दत्तारामांना, फोन केला. म्हटलं, "मी आहे. सगळं नीट होईल." खासदार झाल्यापासून हे वाक्य फार सहज तोंडात येतं.

१० जानेवारी
उद्या सकाळी अंत्यविधी. त्याआधी इथे पक्षाच्या नव्या कार्यालयाचं उद्घाटन, मुंबईहून नेते येणार. नाही म्हणता आलं असतं. पण पुढचं तिकीट त्यांच्याच हातात. माझ्या पीएला, प्रसादला, म्हटलं, दोन्ही होईल.

११ जानेवारी
लिहावंसं वाटत नाही.

नेते उशिरा आले. मग सत्कार, मग भाषणं. तिकडून तहसीलदार बाईंचा फोन: सुरू करू का? प्रसाद माझ्या खुर्चीमागेच उभा. म्हणाला, "थांबा, साहेब निघालेत." मी ऐकलं. गळ्यात हार. गप्प बसलो.

पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलेलं. शाळेच्या मैदानात पेटी, वर तिरंगा. सलामीची पोरं सकाळपासून उभी, ओठ सुकलेले. नोकरीत असताना मीही अशा पेट्या घेऊन गावोगाव गेलोय. मंत्र्यांची वाट बघत मनातल्या मनात शिव्या घातल्यात. हवालदाराने मला कडक सॅल्यूट ठोकला. सगळ्यात वाईट ते.

नाही, ते नाही. पुष्पचक्र ठेवून वळलो तर संदेशची आई समोर. "त्येला उन्हात ठेवलात." एवढंच बोलली.

रडलो. कॅमेरे होते.

१२ जानेवारी
पेपरात पहिल्या पानावर मी, डोळे पुसताना. खाली बातमी: प्रशासनाच्या ढिलाईमुळे अंत्यविधी रखडला. तहसीलदार बाईंना नोटीस. प्रसाद म्हणतो, "बरं झालं, आपल्यावर नाही आलं." दुपारी बाईंचा फोन. "सर, थांबा म्हणून तुमच्याच माणसानं सांगितलं होतं. तेवढं वरती कळवाल?" म्हटलं, बघतो.

बघतो!

१५ जानेवारी
नाही कळवलं. बागेत फवारणी चालू आहे, मोहोर बरा आहे. तेच बघत फिरलो. बायकोने, सुमनने, जेवताना विचारलं, "पलटणीत कुणी असं दुसऱ्यावर ढकललं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?" उत्तर तिलाही ठाऊक. ताट तसंच ठेवून उठलो.

२३ जानेवारी
संदेशचं तेरावं. ताफा नको म्हटलं, एकटाच गाडी घेऊन गेलो. पडवीत दत्ताराम. कोरा चहा आला. कप खाली ठेवून सांगून टाकलं, उशीर माझ्यामुळे झाला.

"ठाव हाय," ते म्हणाले. "त्याच दिशी कलला व्हता सगल्यांना."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलनार? आमच्या पलटनीतला मानूस दिल्लीत हाय, म्हनून पोरगा गावभर सांगत फिरायचा. त्याच्या पेटीसमोर कसा बोलू?"

कप पुन्हा उचलला. मग तेच म्हणाले, "त्या बाईला मात्र उगाच गोवलानी. ती दिसभर आमच्यासंगती उन्हात उभी व्हती. तिचा तेवडा सांगा."

सांगतो म्हटलं. या वेळी खरंच म्हटलं होतं.

२५ जाने.
कलेक्टरांना फोन. "सर, लेखी दिलंत तर बाईंची नोटीस मागे घेता येईल." लिहायला बसलो. प्रसाद आडवा आला: लिहिलंत तर नेत्यांचा उशीरही बाहेर येणार. मग तिकीट विसरा.

कागद खणात ठेवला. सही केलेली नाही.

४ फेब्रु., दिल्ली
पक्षाने सांगितलं, शहीद जवानावर बोला. शून्य प्रहरात बोललो. संदेशचं नाव घेतलं, गावाचं घेतलं. बाकं वाजली, समोरचीही. एक वयस्कर खासदार येऊन हात हातात घेऊन गेले. म्हणाले, सैनिकाचं दुःख सैनिकालाच कळतं. मी हात सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी दत्तारामांचा फोन. "टीवीवर बगितला. हिनं पन बगितला." आवाजात समाधान होतं की काय, मला कळलं नाही. मग म्हणाले, "बाईंचा काय झाला? बदली क्येलानी म्हनतात."

मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, "उद्या करतो ते काम."

"बरा."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.