दोन तोंडांचं युफोनियम

४ नोव्हें., चंद्रपूर
बँडवाला शकील ते धूड माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात टाकून गेला. दोन तोंडांचं युफोनियम. फुंकायचं पितळी वाद्य; थोरलं तोंड परातीएवढं, बगलेतून धाकटं, तांब्याएवढं. कुठल्याशा पलटणीचं; माझ्या अब्बांनी नागपूरच्या भंगारातून उचलून बँडला विकलेलं. शकीलला आता त्यात लाल-हिरवे दिवे हवेत. नळ्यांना भोकं, बटणांच्या जागी बॅटरी. वरातीपुढे नुसतं मिरवायचं. "एक तोंड तर मुकंच हाय चाचा. चमकू तरी दे." अक्कल सगळी वरातीत वाटून आलेला.

६ नोव्हें.
नामदेवभाऊ आला पोंभुर्ण्याहून. सोयाबीन निघालं की लग्नसराईभर शकीलच्या बँडात हाच ते फुंकतो. थोरल्या तोंडातून म्हैस रेकल्यासारखं. पाचवं बटण दाबलं की आवाजच अडतो. मी त्याला दर वर्षी सांगतो, तुझ्या छातीत दम नाही. आजही चारचौघांत सांगितलं. तो हसला.
"असन भाऊ. पन भोकं नोको पाडू. दुसरं वाजवता येत नाई मले. मंग बँडात कोन घेईन?"
शकीलला हो म्हणून बसलोय. आणि हा बावळट माझ्याकडेच आशेने पाहतो.

८ नोव्हें.
बॅटरीसाठी बटणं काढली. पाचवं नीट पाहिलं. ते दाबलं की हवा थोरलं तोंड सोडून धाकट्याकडे वळते. फुंकणारा एक, आवाज दोन: एक जाड, एक धारदार. बनवणारा येडा नव्हता. येडे आम्ही.
धाकट्याच्या नळीत पत्र्याचा तुकडा, वर वितळवलेल्या कथलाचा डाख. वाटच बुजवलेली! कुठल्या गाढवाचं काम?

९ नोव्हें.
डाखाशेजारी खूण सापडली. केलेल्या कामावर चांद कोरायचा, ही अब्बांची शिस्त. त्यांचा चांद उजवीकडे उघडा. हा डावीकडे.
माझा.
आठवलं. कामाला नवा होतो. धाकट्या तोंडातून हवा जात होती, गळती समजलो. अब्बांना न विचारताच बंद केली. आणि इतकी वर्षं नामदेवच्या छातीला नावं ठेवली. थू माझ्यावर.

१० नोव्हें.
डाख वितळवला. पत्रा काढला, बटणं परत बसवली. फुंकलं, पाचवं दाबलं. धाकटं बोललं, स्वच्छ. लाज वाटली, रडूही आलं.
शकील उद्या दुपारी येतोय, दिव्यांची माळ घेऊन. त्याला अजून काही कळवलं नाही. नामदेवभाऊला फोन केला, सकाळच्या गाडीनेच ये म्हटलं.
"काऊन? पाडली का भोकं?"
नाही म्हटलं. चूक माझी होती, हे तो आल्यावर समोरच सांगेन.
"मंग माह्या छातीचा दम पाहतं का पुन्हा?" म्हणाला, आणि हसला.