अभिमनची सव्वा मूठ

भुसावळ, १० जुलै १९८९

ती. सौ. भिकुवहिनींस, धाकट्या दिराचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अक्षर तुमच्या जावेचे, मंदाचे; बोलणे माझे. मे महिन्यात मुंबईला मेंदूतली गाठ काढली, तिच्या तपासणीचा कागद आला. गाठ सावकाश वाढणारी आहे. उजवा हात हलवणाऱ्या जागेला चिकटलेला थोडा भाग डॉक्टरांनी मुद्दाम ठेवला. केळीचा घड उतरवला तरी बुडाशी पील, नवा कोंब, राहते, तसे. ते वाढू नये म्हणून आता मुंबईलाच किरणांचा शेक घ्यायचा. सहा आठवडे, तीस वेळा. दुखत नाही, पण मध्ये खाडा नको म्हणतात.

मी घाबरलेलो नाही. फक्त उजवी मूठ अजून मिटत नाही. रेल्वेच्या कारखान्यात पाना धरता आला नाही तर मला टेबलावर बसवतील, ते मला नको आहे.

श्रावणात कानबाईच्या सणाला यंदा येणे होणार नाही. प्रसादाच्या रोटाच्या गव्हात माझी मूठ घेऊ नका. खायला जो घरी नाही, त्याची मूठ कशाला?

मुलांना गोड पापा. माया आहे तशीच असू द्यावी.
आपला अभिमन

शिंदखेडा, १६ जुलै १९८९

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून आधी रडले, मग रागावले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, ही आपली रीत. त्यातून तुला गाळायला तू वेगळा निघालास का? तुझी मूठ मी माझ्या हाताने भरणार. रोट टपालाने धाडला असता, पण तो भाऊबंदांबाहेर कुणाच्या हाती देत नाहीत, आणि पोस्टमन आपला भाऊबंद नाही!

तू एवढेच कर. १३ ऑगस्टच्या रविवारी डोक्यावरून न्हाऊन कानबाईला हात जोड. पारोशाचा नमस्कार तिला पोचत नाही.

मंदाला जप. लोभ वाढावा.
भिकुबाई

मुंबई, १६ ऑगस्ट १९८९

ती. सौ. वहिनींस शि. सा. नमस्कार.

तुमचे ऐकले आणि फसलो. शेक नेमका कुठे द्यायचा, त्याच्या जांभळ्या रेघा माझ्या डोक्यावर काढल्या आहेत. त्या भिजवायच्या नाहीत, हे आम्हाला सांगितले होते. मंदा बिचारी अडवत होती. मी म्हणालो, वहिनीचा शब्द आधी. शिकेकाईने रेघा साफ गेल्या. सोमवारी डॉक्टर चांगलेच रागावले. नव्याने मोजून रेघा काढण्यात तो दिवस बुडाला, काल पंधरा ऑगस्टची सुटी. आज पुन्हा सुरू झाले. एकवीस झाले, नऊ राहिले. बुडालेला दिवस शेवटी भरून काढतील, काळजी नसावी.

राग धरू नये.
आपला अभिमन

शिंदखेडा, २१ ऑगस्ट १९८९

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद.

चूक माझी. पत्र वाचले तशी उठले. मग कानबाईला हात जोडून स्पष्ट सांगितले, पोराकडे बोट दाखवू नकोस, दंड काय तो मला कर. आता तीस पुरे होईपर्यंत डोक्याला पाण्याचा थेंब लावलास तर मुंबईला येऊन कान धरीन.

तुझ्या वाटचा रोट रीतीप्रमाणे पौर्णिमेच्या आत तुझ्या भावाने संपवला. अभिमननी मूठ आठेच शे, घरमाच शे, असे म्हणत खात होते आणि डोळे पुसत होते. मी पाहिले, हे त्यांना कळवू नकोस.

नऊही नीट घे. आशीर्वाद आहेतच.
भिकुबाई

भुसावळ, १८ जुलै १९९०

ती. सौ. वहिनींस शि. सा. नमस्कार. वि. वि.

ओळी चढउतार झाल्या आहेत, हसू नये. मंदा समोर बसून नुसती बघते आहे.

मुंबईला पुन्हा स्कॅन काढला. राहिलेला तुकडा गेल्या वर्षी होता तेवढाच आहे. दर सहा महिन्यांनी दाखवायचे आहे, ते दाखवू. डाव्या कानाच्या वर शेकाच्या जागी केस आले नाहीत, तिथे टोपी आहे. मार्चपासून पाना हातात आहे.

२९ तारखेच्या कानबाईला आम्ही दोघे येतो. न्हाऊन येईन, डॉक्टरांना विचारले आहे. गहू काढाल तेव्हा यंदाही माझी मूठ भरू नका. ती मी भरणार आहे.

दाराशी वाट पाहावी.
आपला अभिमन