लेनाचे उत्तर

वाशी, गुरुवार, सायंकाळ, १९९४

प्रथम घटनाक्रम. सकाळी माझ्या रशियन सुनेला, लेनाला, शस्त्रक्रियेसाठी नेले. तिने माझा हात धरला. “बाबा, ‘नी पूखा, नी पेरा’ म्हणा ना!” त्यांच्याकडे कठीण प्रसंगी ही शुभेच्छा देतात, उत्तरात ‘खड्ड्यात जा’ म्हटले की संकट टळते. ही बोली तिनेच मला शिकवली. पण सुनेने सासऱ्याला असे उत्तर द्यावे? मी ग्रांथिक रशियनमध्ये निर्दोष आशीर्वाद दिला. तिने मान वळवली.

ती अजून शुद्धीवर नाही. मघाशी तिच्या कानाशी मी ‘नी पूखा, नी पेरा’ म्हटले आणि उत्तराची वाट पाहिली.

“आजोबा, घशात नळी हाय. बोलणार कशी ती?” परिचारिका म्हणाली.

उशाशी पाटी-पेन्सिल ठेवून आलो. मान का वळवली तिने?

लेना, मला लेखी उत्तर हवे: खड्ड्यात जा.