बोटं वाचणारी खोली

३ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! रोगांचं संग्रहालय म्हटल्यावर ताईनं नाक मुरडलं होतं, पण माझ्यासारख्या आंधळीला एवढी सोयीची इमारत आजवर भेटली नव्हती. उतार आहे, बोलणारी लिफ्ट आहे, कठड्यावर ब्रेलमध्ये खोल्यांचे आकडे आहेत. शेवटच्या खोलीतले प्लास्टरचे ठसे मी चाचपायचे आणि त्यांच्या ब्रेल पाट्या लिहायच्या. मुडदुसानं वाकलेला पाय, गलगंडाचा गळा, खडे भरलेलं मूत्रपिंड. ताई म्हणाली, ‘‘जन्मभर ‘हात लावू नकोस’ म्हणून ओरडा खाल्लास, आता त्याचीच नोकरी!’’

वीस तारखेला अंधशाळेची बत्तीस मुलं येणार. त्याआधी सगळं उरकायचंय.

५ तारीख, बुधवार
आज एक हात. संग्रहालय चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, की एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाताचा ती जिवंत असतानाच घेतलेला ठसा आहे. बोटं बधिर झालेली. सुई आरपार गेली तरी तिला पत्ता नसे. तर्जनीच्या टोकाला भाजल्याचा खडबडीत व्रण. बिचारी. आता रोज सकाळी आधी तो हात हातात घेणार. पाटीही मन लावून लिहिली.

११ तारीख, मंगळवार
ठशावर व्रण नाही. तर्जनी गुळगुळीत. मी लिहिलेल्या पाटीवर मात्र आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, प्लास्टर झिजतं.

संध्याकाळी ताई किंचाळली. माझं बोट तापल्या तव्यावर टेकलेलं होतं. मला वासावरून कळलं.

१४ तारीख, शुक्रवार
माझं मधलं बोटही बधिर झालं. तपासणाऱ्या डॉक्टरांना नसा ठणठणीत वाटल्या. आज डाव्या हातानं ठसा चाचपला. त्याच्या त्वचेवर बारीक रेषा उमटल्यात. ऊब आहे.

ताई म्हणते, सोड ती नोकरी. पण मुलं? हात पुढे करूनच तर ती जग बघतात.

१७ तारीख, सोमवार
डॉक्टरबाईंना सांगितलं, सहल रद्द करा. त्या हसल्या. नव्या माणसाला इथले सगळे रोग होतात म्हणे, त्यांना स्वतःला पहिल्या आठवड्यात मुतखडा झाला होता. माझ्याआधी या कामावर होती ती कुठे गेली, विचारलं. म्हणाल्या, तिला ब्रेल वाचता येईनासं झालं.

१९ तारीख, बुधवार
दोन्ही हात बधिर — मनगटापर्यंत. ताईनं वेणी घालून दिली, घास भरवला. उद्या हातोडा नेणार.

२० तारीख
दार आतून लावलंय. मुलं उतारावर आलीत, हसतायत. हातोडा मारला — प्लास्टर फुटल्याचा आवाज नाही. मऊ काहीतरी. मग फरशीवर सरपटल्यासारखं —

डॉक्टरबाई दार ठोठावतायत. उघडणार नाही. ताईला सांगा —

ब्रेलची टिंबं उमटतायत का, कळत नाही. कानानं मोजतेय. आत मी एकटीच. तरी कोपराशी बोटं टेकलीत. ऊबदार. हळूहळू खाली — मनगटापुढं कळत नाही — कागदावर घासल्याचा आवाज, ओळीमागून ओळ, अगदी मी वाचायचे तसा — ती शिवणारी वाचतेय — इथवर आली, आता या शब्दा